जिना सगळ्यांचा, खुर्ची एकाची

कोल्हापुरात फ्लॅट घेताना गेल्या तीस-चाळीस वर्षांत बहुतेकांनी दोन गोष्टी हमखास विचारल्या: नळाला पाणी किती वेळ येतं आणि पुराचं पाणी कुठवर येतं. लिफ्टचं कुणी फारसं विचारलं नाही. राजारामपुरीच्या गल्ल्या, शाहूपुरी, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी, तिकडे फुलेवाडी आणि साने गुरुजी वसाहत, सगळीकडे जुन्या बंगल्यांच्या आणि मोकळ्या प्लॉटांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली ती खाली पार्किंग आणि वर तीन मजले अशी. एवढ्या उंचीला लिफ्टची सक्ती नव्हती. बिल्डरचा खर्च वाचला, घेणाऱ्याला दर परवडला. जयंती नाल्याच्या आसपास तर लोकांनी वरचा मजला मुद्दाम मागून घेतला, आणि पुढच्या पुरांनी त्यांना शहाणं ठरवलं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तळमजल्यांवरचे संसार चिखलात गेले, दुसऱ्या मजल्यावरचे कोरडे राहिले.

फ्लॅट घेताना चाळिशीत असलेले ते मालक आता पंचाहत्तरीला टेकलेत. पार्किंगपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत साधारण छत्तीस पायऱ्या होतात, तिसऱ्यापर्यंत चोपन्न. आधी रंकाळ्यावरचा फेरफटका बंद होतो, मग भाजी आणणं, मग लग्नकार्यांना जाणं, आणि शेवटी फक्त डॉक्टरांकडे जाण्यापुरता जिना उतरला जातो. इथे उतरणं हेच जास्त अवघड असतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कृत्रिम गुडघ्यात मापक यंत्रं बसवून जी मोजमापं झाली आहेत त्यांत सपाटीवर चालण्यापेक्षा जिना चढताना गुडघ्यावर जास्त भार दिसला, आणि उतरताना त्याहूनही जास्त, शरीराच्या वजनाच्या सुमारे साडेतीन पट. ‘चढताना दम लागतो’ म्हणणारा माणूस धरधरून चढतो. उतरताना गुडघा दगा देतो तेव्हा मात्र तो पडतो.

अशा घरात एके दिवशी पुण्यातून किंवा परदेशातून मुलाचा फोन येतो. त्याने कुठेतरी जिन्यावर सरकणारी खुर्ची पाहिलेली असते. भिंतीच्या कडेने रूळ, त्यावर खुर्ची, बटण दाबलं की वर. ‘बाबांना बसवून टाकू, खर्चाचं बघतो मी.’ खर्चाचं तो बघेलही. पण बंगल्यातला जिना घराचा असतो आणि अपार्टमेंटमधला जिना सगळ्या घरांचा. या एका फरकाने सगळा विषयच बदलतो.

आधी यंत्र समजून घेऊ. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सी. सी. क्रिस्पेन नावाचे एक मोटारविक्रेते होते. आजारी मित्राला माडीवरून खाली येता येत नाही म्हणून त्यांनी १९२३ च्या सुमारास रुळावर सरकणारी खुर्ची बनवली आणि त्यातून कंपनीच काढली. ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ हा १९५७ चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हृदयविकारातून उठलेला वकील झालेला चार्ल्स लॉटन अशाच खुर्चीवर लहान मुलासारखा वरखाली करताना आठवेल. शंभर वर्षांत कल्पना तीच राहिली, आतली यंत्रणा मात्र बदलली.

रूळ भिंतीला लागून दिसतो, पण तो भिंतीला टांगलेला नसतो. त्याचे पाय पायऱ्यांवर बोल्टने बसवलेले असतात. बहुतेक यंत्रांत रुळाच्या अंगाला दातेरी पट्टी असते आणि खुर्चीखालच्या पेटीतलं दातेरी चाक तिच्यात अडकून वर चढतं. मेट्टुपालयमहून कुन्नूरला जाणारी निलगिरीची गाडी याच तत्त्वावर घाट चढते. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगी गडावर २०१८ पासून चालणारी ट्रॉलीही उतारावरच्या रुळांवरूनच जाते, पण तिला पोलादी दोर ओढतो. खुर्चीच्या चाकाचे दाते पट्टीच्या दात्यांत अडकलेले असल्यामुळे ती घसरून खाली येण्याचा प्रश्न सहसा येत नाही. शिवाय वेग मर्यादेबाहेर गेलाच तर खुर्ची जागीच आवळून धरणारी वेगळी यंत्रणा असते. मोटर चालते पेटीतल्या दोन बारा व्होल्टच्या बॅटऱ्यांवर. घरातली वीज फक्त या बॅटऱ्या चार्ज करते, तेही खुर्ची रुळाच्या टोकाला उभी असताना. म्हणून महावितरणची वीज गेली तरी आठ-दहा फेऱ्या सहज होतात.

पायाखालच्या फळीच्या आणि पेटीच्या कडांना संवेदक असतात. वाटेत चप्पल, झाडू, मांजर काहीही लागलं की खुर्ची थांबते. बटण दाबून धरलं तरच ती चालते, बोट सुटलं की थांबते. वर पोचल्यावर बैठक जिन्याकडे पाठ करून वळते आणि माणूस सपाट लँडिंगवर उतरतो. अनेक यंत्रं सव्वाशे किलोच्या आसपास वजन पेलतात, त्याहून जास्तीची वेगळी मिळतात. युरोपीय मानकाप्रमाणे वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला १५ सेंटिमीटर आहे आणि प्रत्यक्षात यंत्रं दहाच्या आसपासच चालतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे शेजाऱ्यांशी बोलताना लागेल.

आता कोल्हापुरातल्या नेहमीच्या अपार्टमेंटचा जिना डोळ्यांपुढे आणा. नऊ पायऱ्या चढल्या की मधलं लँडिंग, तिथे उलटं वळायचं, आणखी नऊ पायऱ्या, मग मजला. मजल्याच्या लँडिंगवर दोन किंवा तीन फ्लॅटांचे दरवाजे. दोन टप्प्यांमध्ये हातभर पोकळी आणि तिच्या कडेने लोखंडी कठडा. परदेशी जाहिरातीत दिसणारा सरळसोट जिना आपल्याकडे दुमजली रो-हाउसमध्येही क्वचितच भेटतो.

रूळ या जिन्याच्या कुठल्या अंगाने न्यायचा? भिंतीच्या बाजूने नेला तर मधल्या लँडिंगवर काही अडत नाही, पण पहिल्या मजल्यावर तो थेट शेजाऱ्याच्या उंबऱ्यासमोरून जाणार. ते होणं नाही. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या माणसासाठी रूळ आतल्या अंगाने, कठड्याला बिलगूनच न्यावा लागतो. रूळ तिथे गेला की कठड्यावर हात टेकायची जागा संपते. पहिल्या मजल्यावरच्या ज्या आजी अजून कठडा धरून स्वतःच्या पायांनी चढतात त्यांचा आधार तुमच्या बाबांच्या खुर्चीने काढून घेतला, असा त्याचा अर्थ. यावर उपाय साधा आणि स्वस्त आहे: रूळ बसवण्याच्या आधी भिंतीच्या बाजूने खालपासून वरपर्यंत दुसरा हातआधार बसवून द्यायचा, स्वतःच्या खर्चाने, आणि सगळ्यांसाठी. मी तर म्हणेन की खुर्ची येवो न येवो, तीन मजल्यांच्या प्रत्येक इमारतीत हा दुसरा आधार हवाच. दुखरा गुडघा डावा की उजवा हे कठडा बघत नाही.

वळणाचा रूळ तयार मिळत नाही. तंत्रज्ञ येतो, पायऱ्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवून फोटो घेतो, त्यावरून संगणकात जिन्याचं माप तयार होतं आणि नळी त्या एकाच जिन्यासाठी वाकवली जाते. म्हणून सरळ यंत्र काही लाखांत बसतं तर वळणाचं त्याच्या दुपटी-तिपटीत जातं, आणि मागणीपासून बसवण्यापर्यंत आठवडे लागतात. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्याला मधला मार्ग आहे: प्रत्येक टप्प्याला एक अशी दोन सरळ यंत्रं. मधल्या लँडिंगवर एका खुर्चीतून उठून दुसरीत बसायचं. ज्याला उभं राहता येतं, फक्त चढवत नाही, त्याचं यात भागतं. ज्याला उठून बसणंच अवघड आहे त्याला हा सल्ला देऊ नये.

वेळेचा हिशोबही करून ठेवावा. दुसरा मजला म्हणजे सहा मीटर उंची, पायऱ्यांचा कल तेहेतीस अंशांच्या आसपास, म्हणजे रुळाची तिरपी लांबी अकरा मीटर. तीन वळणं धरली तर चौदा. सेकंदाला दहा सेंटिमीटरने, वळणांवर आणखी सावकाश, अडीच ते तीन मिनिटं. तेवढा वेळ जिना त्या एकाच माणसाचा असतो, कारण गुडघ्यांसकट बसलेला माणूस दोन फुटांहून अधिक जागा घेतो. सकाळी साडेसातला रिक्षा खाली हॉर्न वाजवत असताना शाळेची पोरं तीन मिनिटं थांबणार नाहीत. फेरीच्या वेळा ठरवून घेतल्या तर यातली निम्मी कटकट मिटते.

रुंदीचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. खुर्ची मिटवून ठेवली तरी फूट-सव्वा फूट जागा खातेच. जिना साडेतीन फुटी असेल तर सव्वादोन-अडीच फूट उरतात. खांद्यावर सिलिंडर घेऊन येणारा माणूस तेवढ्यातून जाईल का? भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो आणि त्या माणसाला समोरच्या पायऱ्या दिसत नसतात. कपाट, सोफा, फ्रिज कसे जातील? स्ट्रेचर मधल्या लँडिंगवर वळेल का? आणि बैठकीत कुणी तोंडाने बोलत नाही पण प्रत्येकाच्या मनात असतो तो प्रश्न: घरात कुणी गेलं तर तिरडी कशी उतरवायची? लिफ्ट नसलेल्या इमारतीत आजही चौघे खांदेकरी जिन्यावरूनच जातात. हे प्रश्न शेजाऱ्याने काढायची वाट बघू नये. खुर्ची मांडायची ती जागा, म्हणजे वळणापासून दूर, रुळाचं टोक थोडं पुढे नेऊन पार्किंगच्या किंवा वरच्या मजल्याच्या कोपऱ्यात, आधीच ठरवावी. मधल्या लँडिंगवर फळ्यांची चौकट करून स्ट्रेचरएवढी वस्तू खरंच वळवून बघावी. आग लागली तर अशा इमारतीला बाहेर पडायचा दुसरा रस्ता नसतो, म्हणून हा सोयीचा प्रश्न शेवटी सगळ्यांच्या जिवापर्यंत जातो. ज्या जिन्यात खुर्ची मिटवूनही दोन फूट मोकळे राहत नाहीत तिथे माझ्या मते हा विषय तिथेच सोडावा, कंपनीचा माणूस ‘बसतंय की’ म्हणाला तरी.

पायऱ्यांच्या आत काय आहे, हे पाहायला सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या जिन्यात काँक्रीटचा असतो तो तिरपा स्लॅब. त्यावरच्या पायऱ्या अनेकदा विटांनी रचलेल्या असतात, वरून सिमेंट आणि त्यावर शहाबादी, कडप्पा, कोटा किंवा ग्रॅनाइटची लादी. परदेशी यंत्राचं माहितीपत्रक लाकडी किंवा भरीव काँक्रीटच्या पायऱ्या गृहीत धरून लिहिलेलं असतं. माणूस आणि खुर्ची मिळून दोनशे किलोंच्या आसपासचा भार रुळाच्या पायांवर नुसता खाली दाबत नाही, तो त्यांना बाजूला उपटायलाही बघतो, कारण माणूस रुळाच्या एका अंगाला बसलेला असतो. तीस वर्षांच्या विटेत ठोकलेला बोल्ट हा उपटा किती दिवस सोसेल? म्हणून आधी एका पायरीला लहान भोक पाडून आत वीट आहे की काँक्रीट ते बघायचं. वीट असेल तर बोल्ट स्लॅबपर्यंत नेऊन रसायनाने पक्का करायचा, किंवा दोन-तीन पायऱ्यांवर भार वाटणारी पट्टी टाकायची. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवावं, विक्रेत्याने नाही. लादीला भोक पाडताना यंत्राचा ठोका बंद ठेवून नुसतं फिरवायचं, नाहीतर शहाबादी कडेला हटकून फुटते. आणि एकदा फुटली की त्या रंगाची लादी पुन्हा मिळत नाही, हे जुन्या इमारतीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

दुसरी आपल्याकडची गोष्ट म्हणजे जिना धुणं. आठवड्याला वरून बादल्या ओतून खराट्याने पाणी खाली लोटलं जातं. रुळाच्या पायांना गंज, चार्जिंगच्या टोकाला ओल, दातेरी पट्टीत वाळू. त्यात कोल्हापूरचा पाऊस जिन्याच्या जाळीतून आत तिरपा येतोच. उघड्या जागेत चालणारी, पाणी सोसणारी यंत्रं वेगळी मिळतात. जिना जाळीचा असेल तर तीच घ्यावी. आणि जिना धुणाऱ्या मावशींना बादलीऐवजी ओल्या फडक्याने पुसायला सांगावं लागेल. या जादा कष्टाचे पैसे कोण देणार, हेही बोलून घ्यावं.

पूरपट्ट्यातल्या इमारतीत चार्जर आणि त्याची जोडणी वरच्या टोकाला ठेवावी. खालच्या टोकाचा चार्जिंग पॉइंट पार्किंगपासून उंच घ्यावा आणि त्याची वीज वरून तोडता यावी. पाणी वाढायला लागलं की खुर्ची वर नेऊन उभी करायची. रूळ पाण्यात गेला तर धुऊन, तपासून वापरता येण्याची आशा असते. मोटर आणि बॅटऱ्यांची पेटी पाण्यात गेली की खेळ संपला. मात्र पुरात बाहेर पडायचं साधन म्हणून या खुर्चीवर भरवसा ठेवू नये. ती जिथे उतरवते तिथेच पाणी असतं. घरात अशी व्यक्ती असेल तर नदीने इशारा पातळी गाठताच, बोटींची वाट न बघता, तिला नातेवाइकांकडे हलवणं हाच मार्ग.

आता कायदा. कोल्हापुरात पुष्कळ इमारतींची सहकारी सोसायटी झालेली नसते. त्या १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली, घोषणापत्र नोंदवून चालतात. आपली इमारत कशात मोडते हे कपाटातली कागदपत्रं काढून आधी बघावं. या कायद्याच्या व्याख्येतच जिना सामाईक जागेत मोजलेला आहे. कलम ६ प्रमाणे प्रत्येक फ्लॅटमालक सामाईक जागा तिच्या उद्देशाप्रमाणे वापरू शकतो, पण दुसऱ्याच्या हक्काला अडथळा न आणता. कलम ८ आणखी कडक आहे. इमारतीच्या भक्कमपणाला धोका येईल, तिची किंमत घटेल किंवा कुणाच्या वहिवाटीच्या हक्काला बाधा येईल असं काम कुणी करू नये, आणि कुठल्याही ठोस बांधकामाची भर घालायची तर बाकीच्या सर्वांची एकमुखी संमती आधी हवी. बोल्टने बसवलेला आणि काढता येणारा रूळ म्हणजे ठोस बांधकाम का? माझं मत नाही असं आहे. पण हटून बसलेला शेजारी ते शब्द धरणारच नाही. तो म्हणेल, ‘माझा येण्याजाण्याचा रस्ता अरुंद झाला.’ म्हणून वर रुंदीचा एवढा कीस काढला. कायद्यातलं भांडण टेपने आधीच मोजून ठेवता येतं. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. नुसतं अध्यक्षांनी ‘हरकत नाही, बसवा’ म्हणून चालत नाही. पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलतात.

जर्मनीत याच्या उलट आहे. तिथे फ्लॅटमालकीचा कायदा १ डिसेंबर २०२० पासून बदलला आणि अपंग व्यक्तींच्या वापरासाठी लागणारे वाजवी बदल मागण्याचा हक्क एकेका मालकाला मिळाला. बाकीचे मालक ते काम कसं व्हावं हे ठरवू शकतात, होऊच नये असं सहसा म्हणू शकत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्युनिकमधल्या एका जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट लावण्याची मागणी याच तरतुदीवर उचलून धरली. आपल्याकडे एकाच्या नकाराला वजन आहे, तिकडे एकाच्या गरजेला.

आपला दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानतो. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत, असंही बजावलं. पण त्याचा मुख्य रोख लोकांच्या वापरातल्या इमारतींवर आहे. खासगी इमारतीच्या जिन्यावर रूळ बसवायला तो निकाल दाखवून शेजाऱ्याला गप्प बसवता येईल, अशा भ्रमात राहू नये. मात्र घरातल्या व्यक्तीला ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकत असेल तर ते आधी काढावं. ‘म्हातारपण सगळ्यांनाच येतंय’ या बैठकीतल्या ठरलेल्या वाक्याला तो कागद उत्तर देतो.

सरकारी परवानगीचं म्हणाल तर लिफ्टसाठी राज्यात २०१७ चा कायदा आहे. त्याने १९३९ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली, आणि लिफ्टची परवानगी-तपासणी विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेकडे असते. खरेदीची आगाऊ रक्कम देण्याआधी आपल्या यंत्राचं माहितीपत्रक जोडून ते या कायद्यात मोडतं का असं विचारणारं एक पत्र या कार्यालयाला द्यावं आणि उत्तर लेखी घ्यावं.

एवढं सगळं करून खुर्ची बसली, पण ज्यांच्यासाठी बसवली त्यांना ती वापरताच आली नाही, असंही होतं. ही खुर्ची चाकाच्या खुर्चीला वर नेत नाही, माणसाला नेते. खाली चाकाच्या खुर्चीतून उठून हिच्यात बसायचं, वर पुन्हा हिच्यातून दुसऱ्या चाकाच्या खुर्चीत. म्हणजे चाकाच्या खुर्च्या दोन लागतात. या शहराला हा विषय नवा नसावा. नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी कमरेखाली अधू झाल्या आणि १९८४ मध्ये त्यांनी कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाने मराठी वाचकाला पायरी ही काय चीज आहे ते दाखवलं. पण अर्धांगवायूने एक बाजू गेलेली, कंपवाताने हात थरथरणारा, कमरेतून तोल न सावरणारा, विस्मरणाने मध्येच पट्टा सोडून उठणारा, अशा प्रत्येकाची गोष्ट वेगळी असते. धड हात कुठला, त्यावर बटण कुठल्या बाजूला हवं, तीन मिनिटं बोट दाबून धरवेल का, की सोबतच्या माणसाने रिमोटवर चालवायची, हे फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष जिन्यावर आणून ठरवावं. नऊवारी नेसणाऱ्या आजींना पदर आणि ओचा आवरूनच बसवावं. सरकत्या यंत्राच्या जवळ सैल कापड नको. खुर्चीला किल्ली असते, ती काढून ठेवावी. गणपतीच्या सुट्टीत इमारतीत जमलेली पोरं या खुर्चीकडे कुठल्या नजरेने बघतात ते सांगायला नको.

उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्यातून बनवून घेऊ, हा विचार कोल्हापूरकराच्या मनात येणारच. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिराचं गाव हे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून देशभरच्या मोटारींचे सुटे भाग जातात, नळी वाकवणं हे इथे कौतुकाचं काम नाही. रुळाचे पाय, भार वाटणाऱ्या पट्ट्या, भिंतीवरचा हातआधार खुशाल इथे करून घ्यावा, बाहेरपेक्षा चांगला होईल. पण विंच आणि दोर लावून घरगुती खुर्ची करू नये. अशा यंत्राचं खरं मोल वर नेण्यात नसतं, एखादा भाग तुटल्यावर ते काय करतं यात असतं, आणि ते मुद्दाम तोडून तपासावं लागतं. इथल्या एखाद्या कारखान्याने आंतरराष्ट्रीय मानक समोर ठेवून, चाचण्या करून हे यंत्र काढलं तर निम्म्या महाराष्ट्रातल्या जिन्यांना ते लागेल, असं मला वाटतं. वळणाचा रूळ मोजून इथेच वाकवता आला तर किंमतही उतरेल.

खुर्ची हा प्रत्येक वेळी योग्य उपाय असतोच असं नाही. महिन्यातून दोनदा दवाखान्यात जायचं असेल तर मागून माणसाने धरून चालवायचं, पट्ट्यांवर किंवा चाकांवर पायरी-पायरीने चढणारं यंत्र पुरतं. त्याला जिन्यावर काहीच ठोकावं लागत नाही, मात्र चालवणारा माणूस शिकलेला आणि ताकदीचा हवा. इमारतीत चार-पाच घरांत सत्तरीपुढची माणसं असतील तर एकाच्या खुर्चीवर भांडण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून बाहेरच्या मोकळ्या बाजूला लिफ्ट लावण्याचा विचार करावा. त्यासाठी महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशा, बाजूच्या मोकळ्या अंतराचा प्रश्न आणि वर्गणीचे वाद हे सगळं आलं. ते काम वर्षाचं असतं, खुर्चीचं महिन्या-दोन महिन्यांचं. तिसरा मार्ग लोकांना कमीपणाचा वाटतो, पण तो सगळ्यात स्वस्त आहे: वरचा फ्लॅट भाड्याने देऊन त्याच गल्लीत खालच्या मजल्यावर भाड्याने राहायला जाणं, पूरपट्टा सोडून.

यातूनही खुर्चीच ठरली तर संमतीचा कागद स्टॅम्पपेपरवर करावा आणि त्यात कुणाला नंतर आठवायला लागू नयेत अशा गोष्टी लिहाव्यात. यंत्र कुणाच्या मीटरवर चालणार (स्वतःच्या, कॉमन मीटरवर नाही). देखभालीचा वार्षिक करार कुणाच्या नावावर, आणि तो चुकला तर खुर्ची बंद ठेवायची का. इमारतीतल्या दुसऱ्या वृद्धाने, पाय मोडलेल्या पोराने, बाळंतीण सुनेने वापरायची म्हटली तर चालेल का. माझं मत, चालू द्यावी, पट्टा बांधायला शिकवून. अपघात झाल्यास जबाबदारी आणि विमा कुणाचा. पायरी फुटली तर लादी कोण बदलणार. आणि गरज संपल्यावर, किंवा फ्लॅट विकल्यावर, किती दिवसांत रूळ काढून भोकं बुजवायची. सरळ रूळ कापून दुसऱ्या जिन्याला लावता येतो, त्याला गिऱ्हाईक मिळतं. वळणाचा रूळ दुसऱ्या कुठल्याच जिन्याला बसत नाही, तो भंगारात जातो. खुर्ची, मोटर आणि पेटी परत घेण्याची बोली मात्र काही विक्रेते करतात. ती खरेदीच्या वेळीच लेखी करून घ्यावी, काढण्याची मजुरी कुणी द्यायची यासकट.